हाकेवर हक्क कोणाचा?

२०१८च्या जूनमध्ये शांघायमध्ये आजीवरून रण पेटलं. दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एक ललित पाठ होता. मूळ पाठात आईच्या आईला 'वाइपो' म्हटलेलं. पुस्तकात घेताना संपादकांनी तो शब्द खोडला आणि जिथे जिथे 'वाइपो' तिथे तिथे 'लाओलाओ' बसवला. दोन्हींचा अर्थ एकच. पण 'लाओलाओ' ही उत्तर चीनमधली हाक आणि 'वाइपो' दक्षिणेतली. शांघायची मुलं पिढ्यानपिढ्या दुसरी हाक मारत आलेली. हा बदल का, असं विचारल्यावर शिक्षण खात्याचा खुलासा आला तो शब्दकोशाच्या हवाल्याने: 'लाओलाओ' प्रमाणभाषेतला, 'वाइपो' बोलीतला. झालं! लोकांनी ओळखीची गाणी आणि गोष्टी घेतल्या, त्यांतली 'वाइपो' काढून 'लाओलाओ' घातली आणि खात्याची यथेच्छ टिंगल केली. थोड्याच दिवसांत मूळ शब्द पुन्हा छापायचं ठरलं, माफीही मागितली गेली.

हे भांडण प्रमाणभाषा विरुद्ध बोली या जुन्या खटल्यातली आणखी एक तारीख आहे, असं वाटणं साहजिक आहे. तसं ते आहेच. पण त्यात एक पेच असा आहे की जो या खटल्यात बसत नाही. 'वाइपो'मधलं 'वाइ' हे अक्षर 'बाहेर' या अर्थाचं. वडिलांची आई घरची आणि आईची आई बाहेरची, अशी ती जुनी वाटणी. 'लाओलाओ'मध्ये मात्र बाहेर-आत काही नाही. त्या अक्षरात एका अंगाला 'स्त्री' आणि दुसऱ्या अंगाला 'वृद्ध' आहे, बस्स. म्हणजे स्त्री-पुरुष समतेच्या चष्म्यातून पाहिलं तर संपादकांच्या हातून नकळत भलंच काम झालं होतं. आजीला बाहेरची म्हणणारा शब्द गेला आणि नुसती म्हातारी म्हणणारा आला. तरी लोक भडकले. आणि माझ्या मते बरोबर भडकले.

का बरोबर, ते सांगायचं तर आधी एक फरक नीट करून घ्यावा लागतो. आजी-आजोबांसाठी बहुतेक भाषांत शब्दांची दोन खाती असतात. एक नोंदीचं, एक हाकेचं. नोंदीचे शब्द तिसऱ्या माणसाला सांगण्यासाठी, कागदावर लिहिण्यासाठी, वंशावळीत भरण्यासाठी. हाकेचे शब्द फक्त त्या एका माणसासाठी, तोंडावर. चिनी भाषेत वडिलांच्या आईची नोंद 'झुमू', हाक 'नाइनाइ'. जर्मनमध्ये नोंद 'ग्रोसमुटर', हाक 'ओमा'. संस्कृतात 'मातामही' आहे, पण रांगत येऊन 'हे मातामहि' अशी हाक मारणारं मूल कोणत्याही काळात झालं असेल असं मला वाटत नाही. (पाणिनीने पितृव्य, मातुल, मातामह आणि पितामह हे चार शब्द ४.२.३६ या सूत्रात तयार रूपातच देऊन टाकले आहेत. प्रत्ययांची एवढी अजस्र यंत्रणा हाताशी असलेला माणूसही नात्यांच्या शब्दांपाशी थोडा वेळ यंत्र बंद करतो, हे मला आवडतं.)

ही दोन खाती वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात. नोंदीचे शब्द मोठ्या माणसांनी जोडकाम करून बनवलेले, आणि जगभर त्यांच्या जोडण्याची पद्धत थक्क करण्याइतकी सारखी. फ्रेंच 'ग्राँ-मेर', डच 'ग्रोटमूडर', हंगेरियन 'नॉज्यॉन्यॉ', फिनिश 'इसोऐती', तुर्की 'ब्युयुकआने', फारसी 'मादर-बुजुर्ग'. एकमेकांपासून लांबच्या भाषाकुळांतले हे शब्द, आणि सगळ्यांचा फोडून अर्थ एकच: मोठी आई. आपली 'मातामही' काय वेगळं सांगते? दुसरी पद्धत 'जुनी आई' म्हणण्याची. आयरिशमध्ये 'शान' म्हणजे जुना, तोच शब्द 'आई'च्या आधी लावून आजी होते. जुन्या इंग्रजीतही 'एआल्डेमोडोर' म्हणजे म्हातारी आईच होती. पुढे फ्रेंचच्या वळणावर जाऊन ती मोठी आई झाली. बास्क लोकांची रीत मला सर्वांत छान वाटते. त्यांच्या 'आइतोना' आणि 'आमोना' या शब्दांच्या पोटात 'चांगला बाप' आणि 'चांगली आई' आहेत. खुद्द आई-बाप कसे आहेत यावर भाष्य नाही.

हाकेच्या शब्दांचा कारखाना म्हणजे बोबडं तोंड. इटालियन 'नोन्ना', हिंदी 'नानी', तुर्की 'निने', उत्तर वेल्समधली 'नाइन', इंग्रजी 'नॅन', मलय 'नेनेक', स्वाहिली 'न्यान्या'. ही यादी समोर आली की कोणीतरी हमखास सांगतो, बघा, सगळ्या भाषा एका मुळातून आल्या. तसं काही नाही. दात न आलेल्या तोंडाला जे चार-पाच आवाज जमतात ते जगभर सारखेच; मूल ते काढतं आणि भोवतालची माणसं त्यावर आपापली नावं चिकटवतात. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ साली आई आणि बाप या दोघांसाठीचे मिळून १०७२ शब्द गोळा केले होते. त्या साठ्यावरून रोमान याकोबसन या भाषावैज्ञानिकाने दाखवलं की 'म' आणि 'न' हे नाकातले आवाज आईच्या वाट्याला जास्त येतात. पण कोणता आवाज कोणाला मिळणार हे ठरलेलं नसतं. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप, 'देदा' म्हणजे आई आणि 'पापा' म्हणजे आजोबा. तमिळमध्ये 'अम्मा' ही आई, आइसलँडमध्ये 'अम्मा' ही आजी. मराठीत 'दादा' थोरला भाऊ, हिंदीत तोच वडिलांचा बाप. आवाज मुलाचा, अर्थ घराचा.

आता शांघायकडे परत जाऊ. तिथे चूक कोणता शब्द निवडला ही नव्हती. चूक ही होती की हाकेचा शब्द नोंदीचा समजून दुरुस्त केला गेला. लिंगभाव, प्रमाणलेखन, परिभाषा हे सगळे निकष नोंदीच्या शब्दांना लावता येतात, लावावेतही. नोंदीचा शब्द सार्वजनिक असतो. तो कायद्यात जातो, अर्जात जातो, त्यावरून कोणाला काय मिळणार हे ठरू शकतं. त्यावर लोकांनी भांडावं, शासनाने तो बदलावा, नवा घडवावा. हाकेच्या शब्दाचं प्रमाण रूप नसतं. तो एका माणसाचं नाव असतो, आणि शेजारच्या घरातल्या नावाशी तो जुळतो की नाही याने काही बिघडत नाही. पाठ्यपुस्तकाच्या संपादकाला 'शांघाय' या शब्दाचं लेखन ठरवायचा अधिकार आहे. पाठातल्या मुलाने आजीला काय म्हणायचं हे ठरवायचा नाही.

यावर खरा आक्षेप कोरियातून येतो, आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. कोरियन भाषेत आजी म्हणजे 'हाल्मोनी'. वडिलांची आई 'छिन-हाल्मोनी' आणि आईची आई 'वे-हाल्मोनी'. 'छिन' म्हणजे जवळची, सख्खी. 'वे' हे चिनी 'वाइ'चंच कोरियन रूप, बाहेरची. व्हिएतनामी भाषेत तर जोडी अगदी उघड आहे: वडिलांकडचे आजी-आजोबा 'नोय', आतले, आईकडचे 'न्ग्वाय', बाहेरचे. चीनमधून जी लिपी, जे ग्रंथ आणि जी कुटुंबव्यवस्था शेजारी देशांत गेली तिच्याबरोबर हे आत-बाहेरही गेलं. २०१८ साली सोलमधल्या एका सरकारी महिला-कुटुंब संस्थेने सणाच्या तोंडावर भेदभावाच्या शब्दांची यादी काढली आणि सुचवलं की 'छिन' आणि 'वे' दोन्ही गाळा, दोघींनाही नुसतं 'हाल्मोनी' म्हणा. २०२० साली कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेनेही नात्यांच्या संबोधनांवर नवं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आणि त्याचीही दिशा हीच होती. मग हा हाकेत हस्तक्षेप झाला की नाही?

मला वाटतं, झाला नाही, किंवा फारच थोडा झाला. कारण कोरियन मूल आजीच्या तोंडावर बहुधा 'हाल्मोनी'च म्हणतं. 'वे' लागतं ते दुसऱ्या कोणाला सांगताना, दोघींतली कोणती ते कळावं म्हणून. म्हणजे ते नोंदीच्या खात्यातलं आहे आणि तिथे सुधारणेला पूर्ण मुभा आहे. दुधाचे दात पडायच्या आत एका आजीला सख्खी आणि दुसरीला बाहेरची म्हणायला शिकवणारा शब्द, अर्थ कळत असताना, नव्या अर्जांत आणि नव्या पुस्तकांत चालू ठेवायचं काही कारण नाही. वेगळेपणा सांगायची गरज पडलीच तर जपानी लोकांसारखं करता येतं. जपानीत 'ओबाआसान' ही दोन्हीकडची आजी, आणि गोंधळ होऊ लागला की मुलं तिच्या राहण्याच्या ठिकाणाचं नाव पुढे जोडतात. आजी अमक्या गावची ठरते, अमक्या घराण्याची नाही.

पण या सुधारकांचंही एक गणित मला पटत नाही. त्यांना वाटतं की भेद करणं हाच दोष आहे, म्हणून एक शब्द केला की झालं. स्वीडिश बघा. 'फारफार' म्हणजे बापाचा बाप, 'फारमूर' बापाची आई, 'मूरफार' आईचा बाप, 'मूरमूर' आईची आई. चार माणसं, चार शब्द, आणि एकही शब्द दुसऱ्याच्या वर किंवा बाहेर नाही. थाई भाषेत तर जोडकामही नाही: पू, या, ता, याय. चार स्वतंत्र, एकेका अक्षराची माणसं. या दोन भाषा चीनइतकाच काटेकोर भेद करतात आणि त्यात अपमानाचा लवलेश नाही. दोष भेदात नव्हता, 'बाहेर' या शब्दात होता. भेद हा उलट शिल्लक ठेवण्यासारखा असतो, कारण मुलाच्या आयुष्यात ती खरोखरच दोन वेगळी माणसं असतात.

आणि एक शब्द केल्याने समता येते का, याचा पुरावा शोधायला मराठी माणसाला लांब जायला नको. आपल्याकडे शेकडो वर्षं आजी एकच आहे. आईची आई आजी, वडिलांची आई आजी. हा शब्द निघतो संस्कृत 'आर्यक'पासून, म्हणजे आदरणीय. पालीत 'अय्यक' म्हणजे आजोबा आणि 'अय्यिका' म्हणजे आजी असे शब्द मिळतात, प्राकृतात 'अज्जअ'. मुळात आई किंवा बाप यांपैकी कोणाचंही नाव या शब्दाच्या पोटात नाही, नुसता मान आहे. त्यामुळे बाजू धरायचं त्याला कारणच नव्हतं. कोरियातल्या सुधारकांना जे हवं आहे ते आपल्याला आयतं मिळालेलं.

मग 'आजोळ' कुठून आलं?

हा मराठीतला अत्यंत लाडका शब्द आहे आणि मी त्याच्याविरुद्ध बोलतोय असं वाटून काही वाचक रागावतील, पण जरा थांबा. आजोळ म्हणजे आईच्या आई-वडिलांचं घर. वडिलांच्या आई-वडिलांच्या घराला असा शब्द नाही. का नाही? कारण त्याला नुसतं 'घर' म्हणतात. ज्याला वेगळं नाव द्यावं लागत नाही ते मूळ, ज्याला द्यावं लागतं ते त्याहून निराळं. चिनी भाषेने 'बाहेर' आजीच्या नावात लिहिलं, आपण ते आजीच्या दारावर लिहिलं. शब्द गोड आहे म्हणून पाटी दिसत नाही इतकंच.

आणि कायद्यात तर पाटी ढळढळीत आहे. १९५६चा हिंदू वारसा कायदा इंग्रजीत लिहिला गेला, आणि त्या भाषेतही दोन्हीकडच्या आजीला एकच शब्द. तरीही कायद्याने तो वापरला नाही. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या वर्ग २च्या वारसांत 'बापाचा बाप, बापाची आई' पाचव्या नोंदीत आहेत आणि 'आईचा बाप, आईची आई' आठव्या नोंदीत. आधीच्या नोंदीतला वारस असेल तर पुढच्या नोंदीतल्याला काही मिळत नाही. मधल्या सातव्या नोंदीत बापाचे भाऊ-बहिणी आहेत, म्हणजे आईच्या आईच्या आधी काका आणि आत्या. ज्या मुलाने दोघींना एकाच शब्दाने हाक मारली त्याच्याच मालमत्तेपुरत्या त्या दोघी तीन पायऱ्यांनी वेगळ्या होतात. तेव्हा सुधारकांना माझं सांगणं असं की भांडण नोंदीच्या शब्दावरच करा, आणि नोंद म्हणजे खरी नोंद: अनुसूची, तिचे क्रमांक. तिथला पाच आणि आठ एका ओळीत आला तर 'आजोळ' कोणी बदलायला नको.

शब्दाच्या मुळावरून आजचा अर्थ काढता येत नाही, हेही याच आजीकडून शिकावं. भोजपुरीत 'आजा-आजी' हे आपल्याच शब्दाचे सख्खे भाऊबंद, पण तिथे त्यांनी बाजू धरली: आजा-आजी वडिलांकडचे, नाना-नानी आईकडचे. एकाच मुळातून निघालेला मानाचा शब्द एका भाषेत दोघींचा झाला, दुसरीत एकीचाच. म्हणून 'वाइपो'त 'बाहेर' आहे, सबब ती हाक अपमानकारक, हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. 'बाहेर' अक्षरात आहे. हाक मारणाऱ्या मुलाच्या कानात नाही. ते मूल आपल्या सर्वांत आवडत्या म्हातारीचं नाव घेत असतं आणि त्या नावाची फोड करायची त्याला गरज पडत नाही.

हाकेचे शब्द घर कसं घडवतं आणि त्यात बाहेरच्या कोणाचाच हात नसतो, हे दाखवणारी एक गोष्ट मला फार दिवस खुणावते आहे. तुर्कीत आईची आई 'आनेआने', वडिलांची आई 'बाबाआने'. आजोबा मात्र दोन्हीकडचे 'देदे'. तेलुगूत आईची आई 'अम्मम्मा', वडिलांची आई 'नानम्मा'. आजोबा दोन्हीकडचे 'तातय्या'. बंगालीत अनेक घरांत वडिलांची आई 'ठाकुमा', आईची आई 'दिदा'. आजोबा दोन्हीकडचे 'दादू'. तीन भाषा, तीन वेगळी भाषाकुळं, शब्दांत एकमेकांची छाया नाही, आणि तिन्हींनी आज्या वेगळ्या केल्या, आजोबा एकत्र केले. वंश, आडनाव, मालमत्ता यांच्या हिशोबाने बघितलं तर नेमकं उलटं व्हायला हवं होतं. बापाचा बाप कोण आणि आईचा बाप कोण, हाच कागदाला महत्त्वाचा प्रश्न. पण मुलाला कागदाशी देणंघेणं नसतं. त्याला कोण उचलतं, कोण झोपवतं, कोणाकडे तक्रार घेऊन जायचं, हे महत्त्वाचं, आणि त्या कामी जगात बहुतेक ठिकाणी आज्या असतात. ज्यांच्याशी रोजचा व्यवहार त्यांना वेगळं ओळखावंच लागतं. आजोबा एका शब्दात भागतात. हा माझा तर्क आहे, शास्त्र नव्हे. पण कोणत्याही भाषा संस्थेला बसून आखता आली नसती अशी ही व्यवस्था आहे, एवढं नक्की.

आणि ती टिकाऊ किती! १८४५पासून त्रिनिदादमध्ये, १८७३पासून सुरीनाममध्ये, १८७९पासून फिजीमध्ये हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांतल्या पुष्कळांची बोली भोजपुरीच्या जवळपासची. त्रिनिदादमध्ये ती बोली आज जवळजवळ गेली; पणतू-खापरपणतू इंग्रजीत बोलतात, इंग्रजीत भांडतात. पण वडिलांच्या आईला 'आजी' आणि आईच्या आईला 'नानी' म्हणणं राहिलं. क्रियापदं गेली, विभक्ती गेली, लिपी गेली, आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात नेलेली ही चार नावं उरली. शाळेने ती शिकवली नव्हती, कोणी चळवळ केली नव्हती. जगभरच्या स्थलांतरितांत हे दिसतं: ज्या नातवंडांना आजीच्या भाषेतलं एक वाक्य बोलता येत नाही तीही तिला 'ओमा', 'नोन्ना' किंवा 'बाबुश्का' म्हणतात. याची दुसरी बाजूही लपवू नये. फिलिपिन्समध्ये आजोबा 'लोलो' आणि आजी 'लोला'. हे शब्द स्पॅनिश 'आबुएलो-आबुएला'तून आले. राज्यकर्त्यांची भाषा आजीपर्यंतही पोचते. मात्र तिथे बोबड्या तोंडाने तिला पार मोडून-तोडून आपली करून घेतली, हेही खरं.

शाळा आणि सरकार यांच्यापेक्षा मला आता दुसऱ्याच एका संपादकाची धास्ती वाटते. शांघायमध्ये निदान कोणी शब्द बदलला हे माहीत होतं. त्याला जाब विचारता आला. यांत्रिक भाषांतराला जाब कोण विचारणार? पुष्कळ भाषाजोड्यांसाठी ही यंत्रं इंग्रजीच्या पुलावरून जातात. स्वीडिश 'मूरमूर'चं हिंदी 'नानी' हे तंतोतंत भाषांतर. दोन्ही भाषांना नेमकं तेच म्हणायचं असतं. पण पूल इंग्रजीचा असेल तर पुलावर शब्द एकच, 'ग्रँडमदर', आणि पलीकडे उतरताना यंत्राला नाणं उडवावं लागतं: दादी की नानी? थाई 'याय'चं चिनीत, तेलुगू 'नानम्मा'चं तुर्कीत, असंच. ज्या दोन भाषांना फरक कळतो त्यांच्यामध्ये फरक न कळणारा मध्यस्थ बसवायचा आणि मग अचूकतेबद्दल पाठ थोपटून घ्यायची!

कोणी म्हणेल, भाषा काही ना काही गाळतेच. खरं आहे. केम्प आणि रेगिअर या दोन संशोधकांनी २०१२ साली ४८७ भाषांतले नात्यांचे शब्द तपासून दाखवलं की शब्द थोडे असावेत आणि माहिती जास्त मिळावी, या दोन ओढींत प्रत्येक भाषा आपापली तडजोड करते, आणि बहुतेक तडजोडी चांगल्या असतात. इंग्रजीची तडजोडही चांगलीच आहे. मराठीची आजीही तशाच तडजोडीतून आली. माझी तक्रार एवढीच की एका भाषेची तडजोड सगळ्यांच्या माथी मारली जाते आहे, आणि तीही कोणी ठरवून नव्हे, सोय म्हणून. जे मराठी ग्रंथांचे अनुवाद हिंदीत करतात त्यांना हे दुखणं जुनं आहे. 'आजी' आली की अनुवादक थांबतो, दहा पानं मागे जातो, ही कोणाची आई ते शोधतो, आणि नाहीच सापडलं तर लेखकाला पत्र टाकतो. त्या थांबण्यात भाषांतराचा सगळा प्रामाणिकपणा आहे. यंत्रालाही थांबायला शिकवता येईल: 'आईकडची की वडिलांकडची?' असा साधा प्रश्न विचारायला लावता येईल. आणि मूळ हाक, जशी आहे तशी, अक्षरांतर करून ठेवायचा पर्याय देता येईल. कादंबरीतली इटालियन 'नोन्ना' मराठीत 'नोन्ना'च राहिली तर मराठी वाचक काही बुचकळ्यात पडत नाही. दुसऱ्या वाक्यापर्यंत त्याला ती कोण ते कळलेलं असतं.

अर्थात काही हाका अशा आहेत की त्यांच्यापुढे प्रश्न विचारूनही भागत नाही. हवाईयन भाषेत आजी-आजोबा 'कुपुना' आणि नातवंड 'मोओपुना'. दोघांच्या नावात तोच 'पुना'. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी भाषांत आजोबा नातवाला ज्या शब्दाने हाक मारतो त्याच शब्दाने नातू आजोबांना. जर्मन 'एंकेल', म्हणजे नातू, हा शब्द मुळात 'छोटा पूर्वज' अशा अर्थाचा. नातं एक आहे, त्याची दोन टोकं आहेत, आणि या भाषांनी टोकांना नव्हे तर नात्याला नाव दिलं. याचा सगळ्यांत जिवंत नमुना लेबनॉन-सीरियाकडच्या अरबी घरांत रोज ऐकू येतो. तिथे आजीला 'तेता' म्हणतात. आणि आजी नातीला लाडाने काय म्हणते? तेता.

आतल्या खोलीतून आजी हाक मारते, "तेता, इकडे ये गं." दारातून नात ओरडते, "आले, तेता!"